पेन्सिलीतली सुट्टी

पोलीस ठाण्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत 'हजेरी मास्तर', आणि घाईत असले की नुसतंच 'मास्तर'. शाळेशी त्यांचा संबंध कधीच सुटला होता. कोण शिपाई कुठल्या दिवशी कुठे उभा राहणार हे ठरवणारा हवालदार म्हणजे हजेरी मास्तर, एवढाच त्या नावाचा अर्थ. कागदावर ठाण्यात माणसं एक्केचाळीस होती आणि प्रत्यक्षात सव्वीस. बाकीची पंधरा कुठे आहेत हे विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर 'भरती निघणार आहे' असं उत्तर मिळायचं, आणि ते उत्तर मास्तर गेली नऊ वर्षं ऐकत होते.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मास्तर टेबलाएवढा कागद पसरत, लाकडी पट्टीने रेघा आखत आणि पुढच्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता मांडत. प्रत्येक माणसाला एक ओळ, प्रत्येक दिवसाला एक चौकट. ड्यूटी पेनाने लिहायची आणि साप्ताहिक सुट्टी पेन्सिलीने. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. मास्तरांच्या आधीच्या मास्तरांनी तो घालून दिला होता आणि त्यामागचं कारण अगदी सरळ होतं. ड्यूटी काही हलत नाही, सुट्टी हलते. कुठे मोर्चा निघाला, कुणा बड्या माणसाची गाडी जाणार असली, कुणी तापाने फणफणला, की मास्तर खोडरबर काढत. रविवारची सुट्टी मंगळवारी जाई, मंगळवारची शुक्रवारी, आणि शुक्रवारी महिना संपलेला असे.

महिनाअखेरीला या तक्त्याची एक स्वच्छ प्रत वरच्या कार्यालयात जाई. तिच्यात सगळ्यांच्या सगळ्या सुट्ट्या निळ्या शाईत, जागच्या जागी. मूळ तक्ता कपाटात पडून राही. यात आपण काही खोटं करतो असं मास्तरांना कधी वाटलं नाही. सुट्टी लिहिली होती हे खरंच होतं. नंतर ती खोडली हेही खरं होतं, पण ते कुणी विचारलेलं नव्हतं.

हा नियम ठाण्यातल्या माणसांच्या घरांपर्यंत पोचला होता. बाप म्हणाला, "रविवारी सुट्टी आहे," की पोरं विचारत, "पेन की पेन्सिल?" बाप म्हणे, "पेन्सिल." मग पोरं पुन्हा आपापल्या खेळाला लागत. मोठ्या माणसांना या गोष्टीचं हसू येई. निदान सुरुवातीला तरी येत असे.

सहा महिन्यांपूर्वी वरून फर्मान आलं होतं, की कर्मचाऱ्यांवरचा ताण कसा ओळखावा याचं एक दिवसाचं शिबिर आहे आणि प्रत्येक ठाण्याने एक माणूस पाठवावा. सव्वीसमधला एकही मोकळा नव्हता, म्हणून मास्तर स्वतःच गेले. पहिलं सत्र त्यांनी ऐकलं. दुसऱ्या सत्रात पंखा छान लागत होता, ते झोपले. येताना एक कार्ड मिळालं. 'आपल्या सहकाऱ्यात ही लक्षणं दिसतात का?' असा मथळा आणि खाली दहा ओळी. ते कार्ड त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवलं. तेव्हापासून चहाचे कप त्याच्यावरच ठेवले जात होते.

आता तिच्याविषयी सांगायला हवं. ठाण्यातली ती महिला शिपाई, चौतिशीची, एका मुलीची आई, आणि तिचं नाव पडलं होतं 'अक्षर', कारण तिच्यासारखं अक्षर साऱ्या ठाण्यात कुणाचं नव्हतं. फिर्याद लिहायची, पंचनामा लिहायचा, साहेबांचं पत्र लिहायचं, की हाक एकच, "अक्षरला बोलवा." पूर्वी ती अशी हसायची की साहेबांच्या खोलीत ऐकू यायचं. बोलायला लागली की समोरच्याला शब्द टाकायला फट मिळत नसे. सुट्टी खोडली की मास्तरांशी भांडायची, आणि तेही कसं, कमरेवर हात ठेवून. "मास्तर, माझीच ओळ दिसते का तुम्हाला? चष्मा बदला!"

गेले दोन-तीन महिने ती भांडत नव्हती. सुट्टी खोडली तरी मान हलवून निघून जायची. भांडणाऱ्याची सुट्टी खोडायला जीव धजत नाही आणि गप्प बसणाऱ्याची खोडायला सोपी जाते. मास्तर सोप्या वाटेने गेले. एकदा तर कौतुकाने म्हणालेही, "आता कशी शहाणी झालीस बघ." ती काहीच बोलली नाही. मास्तरांना तेही आवडलं.

महिन्याच्या चोवीस तारखेला, सकाळी दहाच्या सुमाराला, शिवणकाम करणारी एक बाई ठाण्यात आली. तिच्या गळ्यात मापाची पट्टी तशीच राहिली होती. तिचे वडील सकाळी घराबाहेर पडले होते ते परतले नव्हते. त्यांना अलीकडे विसर पडायचा, कधीकधी घरही आठवायचं नाही. अक्षरने तिला समोर बसवलं आणि हरवलेल्या माणसाचा कागद लिहायला घेतला.

इथे ठाण्याची आणखी एक रीत सांगितली पाहिजे. मोकळ्या कागदावर लिहीत बसायला वेळ कुणाला आहे? खाली जुना, आधी लिहिलेला कागद ठेवायचा आणि वर नवा. मजकूर तोच, फक्त नावं, वय आणि वर्णन बदलायचं. सगळे असंच करत, मास्तरही असंच शिकले होते. अक्षरच्या हाताखाली दोन आठवड्यांपूर्वीचा कागद होता. त्यात अशाच एका म्हाताऱ्याचं वर्णन होतं आणि तो म्हातारा त्याच संध्याकाळी घरी पोचलाही होता. तिने नाव बदललं. वय बदललं. पत्ता बदलला. वर्णन बदलायचं राहिलं.

वर्णन वायरलेसवर गेलं. निळा शर्ट, पांढरी दाढी, हातात काठी.

बाराच्या ठोक्याला गस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हरला बसथांब्याजवळच्या बाकावर एक म्हातारा दिसला. तपकिरी सदरा, गुळगुळीत दाढी, हात रिकामे. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने खाली उतरून चौकशी केली. म्हातारा नुसता हसला. ड्रायव्हरने आपल्या बाटलीतलं पाणी त्याला पाजलं, हातातल्या चिठ्ठीवर नजर टाकली आणि निळा शर्ट, पांढरी दाढी शोधायला तो पुढे गेला. दुपारभरात तो त्या बाकावरून आणखी दोनदा गेला.

साडेतीनला म्हातारा उठला, रस्ता ओलांडायला निघाला आणि पाइपासाठी खणलेल्या चरात पडला. कमरेचं हाड मोडलं. इस्पितळात त्याच्या खिशातली घरच्या पत्त्याची चिठ्ठी सापडली तेव्हा कुठे उलगडा झाला.

पाच वाजता ती बाई पुन्हा ठाण्यात आली. मास्तरांनी मनाची तयारी केली होती, की आता ही ठाणं डोक्यावर घेणार. तिने आवाजही चढवला नाही.

"मी तपकिरी सदरा सांगितला होता. मीच शिवलाय तो. खिशाला दुहेरी शिलाई आहे, हेसुद्धा सांगितलं होतं. बरोबर?"

मास्तरांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"तुमच्या माणसाने त्यांना पाणी पाजलं म्हणे," ती म्हणाली. "पाणी पाजलं आणि निघून गेला."

एवढं बोलून ती इस्पितळात परत गेली. मास्तरांना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी लगेच बोलावलं. साहेबांचे डोळे लाल होते आणि टेबलावर पित्ताच्या गोळ्यांची पट्टी अर्धी संपलेली होती. "वरून फोन आला," ते म्हणाले. "बाईचा भाऊ वर्तमानपत्रात जाऊन बसलाय. अक्षरवर कसुरी अहवाल लिहा. निष्काळजीपणा, कामात हयगय, काय लिहायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. निलंबन होणारच, कदाचित नोकरीही जाईल. आणि या महिन्याची स्वच्छ प्रत आजच करा, अहवालाला जोडा. तिला सगळ्या सुट्ट्या मिळालेल्या दिसल्या पाहिजेत. म्हणजे थकवा-बिकवा असलं काही तिला पुढे करता येणार नाही."

"होय साहेब," मास्तर म्हणाले. एकतीस वर्षं हेच म्हणत आले होते, जीभ आपोआप वळली.

अक्षर मागच्या खोलीत होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. ठाण्यात बातमी लपत नाही. ती दुसऱ्याच कुणाची तरी फिर्याद लिहीत होती, सुंदर अक्षरात, प्रत्येक ओळ सरळ.

मास्तर समोरच्या खुर्चीवर बसले. "असं कसं झालं गं?"

"जुना कागद खाली होता."

"पण ती बाई तर सगळं सांगत होती. ऐकलं नाहीस?"

"ऐकत होते." तिने पेन खाली ठेवलं. "तिचं तोंड हलताना दिसत होतं. खिशाबद्दल काहीतरी म्हणाली. मला वाटलं, मी लिहितेय. हात चालू होता ना."

"झोप लागते का नीट?"

"झोपते की. उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. परवा पोरीला शाळेत सोडायला गेले आणि दारातून तशीच परत आले. पोरगी मागे रिक्षातच. रिक्षावाल्याने हाक मारली." ती हे दुसऱ्या कुणाची तरी तक्रार लिहून घ्यावी तशा आवाजात सांगत होती.

"अगं, मग मला सांगायचंस!"

"सांगितलं होतं, मास्तर." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मास्तरांना तेच सोसवेना. "आधी तोंडाने सांगितलं. मग चिठ्ठी दिली. मग अर्ज दिला. तुम्ही म्हणालात, बघू."

"आणि मग?"

"मग सांगायचं सोडलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, शहाणी झालीस."

मास्तर उठले. ते आपल्या टेबलाशी आले, कोरा कागद घेतला, पट्टी घेतली आणि स्वच्छ प्रत आखायला बसले. हाताला सवय होती. पहिल्या चार ओळी झाल्या. मग अक्षरची ओळ उतरवायला त्यांनी मूळ तक्ता जवळ ओढला आणि त्यांचा हात थांबला.

तिच्या ओळीतला कागद इतरांच्या कागदासारखा नव्हता. त्याच्यावर लव आली होती, जुन्या पायपुसण्यासारखी. मास्तरांनी तक्ता उचलून खिडकीपाशी धरला. संध्याकाळचा उजेड बाकीच्या ओळींतून येत नव्हता, तिच्या ओळीतून येत होता. खोडून खोडून कागद झिजला होता. एका चौकटीत तर बारीक भोकच पडलं होतं, आणि त्या भोकाच्या कडेला 'सुट्टी'तला नुसता 'सु' शिल्लक होता. मास्तरांनी कपाटातून मागच्या महिन्याचा तक्ता काढला. त्याआधीचा काढला. तिन्ही खिडकीपाशी धरले. मग बोटांवर मोजलं, चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. अक्षरला शेवटची सुट्टी मिळाल्याला त्रेसष्ट दिवस झाले होते. आणि हे सगळं त्यांच्याच हाताने, त्यांच्याच खोडरबराने झालेलं होतं. दुसऱ्या कुणाचा हात त्या कागदाला लागलेलाच नव्हता.

ते खुर्चीवर बसले. समोर काचेखाली ते कार्ड होतं. चहाच्या डागांच्या गोल वर्तुळांमधून त्यांनी ते आज पहिल्यांदा वाचलं. साध्या, रोजच्या कामात चुका होणे. झोपूनही थकवा न जाणे. सातवी ओळ अशी होती, की पूर्वी बोलका असलेला सहकारी अचानक गप्प होणे. हे सुधारणेचं लक्षण समजू नये.

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. साधी, उघडी लाज, लहानपणी चोरी पकडली गेल्यावर वाटायची तशी. म्हातारा चरात पडला तो अक्षरच्या हातून, हे खरं. पण अक्षरला तिथवर कुणी ढकलत नेलं, हे लिहिलेला कागद जगात एकच होता, आणि तो त्यांच्याच हातात होता. स्वच्छ प्रत गेली की तोही पुसला जाणार. मूळ तक्ता गेला, तर वर्षानुवर्षं पाठवलेल्या सगळ्या स्वच्छ प्रती उघड्या पडणार. निवृत्तीला सात महिने राहिले होते. एवढी वर्षं अंगावर डाग न पाडता काढली, याचा त्यांना फार अभिमान होता. डाग न पडायचं कारण आता त्यांना कळलं. ते डाग खोडत आले होते.

त्यांनी अर्धी आखलेली स्वच्छ प्रत चार तुकडे करून टोपलीत टाकली. अहवाल लिहिला. अक्षरची चूक लिहिली, काही झाकलं नाही. खाली आपली चूक लिहिली, तीही झाकली नाही. तिन्ही मूळ तक्ते जोडले आणि साहेबांसमोर नेऊन ठेवले.

साहेबांनी वाचलं. मग म्हणाले, "हे वर गेलं तर आधी तुम्ही जाल आणि पाठोपाठ मी. स्वच्छ प्रतींवर सही माझी आहे."

"होय साहेब."

"सात महिने राहिलेत तुमचे."

"होय साहेब."

साहेब तक्त्यावर बोट फिरवत राहिले. "यात माझी ओळ कुठाय?"

"सगळ्यात वर. तुमची सुट्टी कधी लिहिलीच नाही साहेब. त्यामुळे खोडायची वेळ आली नाही."

साहेबांना हसू आलं की काय आलं ते कळलं नाही. त्यांनी डोळे चोळले, पट्टीतली एक गोळी काढून तोंडात टाकली. "ठेवा इथे. बघू."

मास्तर हलले नाहीत. "साहेब, हा शब्द मी तिला तीनदा ऐकवलाय. बघू नका. सही करा."

एकतीस वर्षांत मास्तर वरिष्ठांशी असं बोलले नव्हते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या भोकाकडे पाहिलं, त्यात करंगळीचं नख घालून पाहिलं, आणि सही केली. पुढे चौकशी लागली, दोघांनाही जाब द्यावा लागला, स्वच्छ प्रतींचा सगळा पाढा वाचला गेला. ती कहाणी लांबलचक आहे आणि कंटाळवाणीही.

त्या संध्याकाळी मास्तरांनी एवढंच आणखी केलं. तक्त्यांची नक्कल आपल्यापाशी ठेवली होती, तिच्यात अक्षरच्या ओळीत उद्यापासूनचे सात दिवस सुट्टी लिहिली. मग अक्षरकडे जाऊन सांगितलं, "उद्यापासून सात दिवस यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या हजेरीला ती गणवेशात हजर होती. टोपी नीट, पट्टा नीट, बूट पुसलेले.

मास्तर चिडले. "काल काय सांगितलं होतं मी?"

"सुट्टी आहे म्हणालात."

"मग?"

"मग काय मास्तर? दहा वाजता फोन करून बोलवालच. परत रिक्षा करायची. त्यापेक्षा आले."

तिने हे चिडून म्हटलं असतं, टोमणा मारला असता, तरी चाललं असतं. ती रस्ता कुठून जातो ते सांगावं तसं सांगत होती. मास्तर टेबलाशी गेले, तक्ता घेऊन आले आणि तिच्यापुढे धरला. ती वाचत राहिली. सात चौकटी, सात वेळा सुट्टी. मग तिने अंगठा जिभेला लावला आणि पहिल्या चौकटीवर घासला. जोर लावून घासला. अंगठा निळा झाला. अक्षरं थोडी पसरली, पण गेली नाहीत.

"तिथे उभं कोण राहणार माझ्या जागी?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. ती चौकट रिकामी राहील."

"फिर्यादी आले तर?"

"थांबतील. मी लिहीन, माझ्या कोंबडीच्या पायांनी. वाचणाऱ्याचं नशीब."

ती हसली नाही. तिने टोपी काढली, आणि फिर्याद द्यायला आलेली माणसं बसतात त्या लाकडी बाकावर जाऊन बसली, जणू तिलाही काही लिहून द्यायचं होतं. बऱ्याच वेळाने तिने फोन काढला. पलीकडे तिची मुलगी होती. घरात शाळेची घाई चालली असावी, आजीचा आवाजही येत होता.

"अगं, मी घरी येतेय," ती म्हणाली. "हो, आत्ता. सुट्टी आहे."

पलीकडून काय विचारलं ते मास्तरांना ऐकू आलं नाही, पण त्यांना ते माहीत होतं. साऱ्या ठाण्याला माहीत होतं. अक्षरने आपल्या निळ्या अंगठ्याकडे पाहिलं, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला बोलताच येईना. त्रेसष्ट दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा हलला आणि ती रडू लागली, लहान मुलासारखी, नाक ओढत. फोनमधून मुलगी पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

मास्तरांनी पुढे होऊन फोन तिच्या हातातून घेतला.

"पेन आहे, बाळा," ते म्हणाले. "पेनाने लिहिलीय. मीच लिहिली."